क्रोमचे व्हील नट चकाकी न घालवता कसे बसवायचे?

ठाकूरद्वार
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१५ ची होंडा सिटी आहे. तिच्यासाठी बाहेरून अलॉय घेतलेत आणि सोबत १६ क्रोमचे नट. तोंड दिसेल इतके चकचकीत आहेत. आमच्याच बिल्डिंगमधल्या एकांनी असेच नट टायरच्या एका दुकानात बसवून घेतले, तर गाडी परत आली तेव्हाच कोपऱ्यांवरचं क्रोम उडालेलं होतं. पावसाळा संपेपर्यंत तिथून तांबूस ओघळ चाकावर उतरले. ते पाहिल्यापासून माझे नट डब्यातच आहेत.

दसऱ्याच्या आधी चाकं चढवायची आहेत. नट बसवताना क्रोमला ओरखडा येऊ नये म्हणून तुम्ही काय करता? गोटीत (पान्याचा नटावर चढणारा भाग, सॉकेट) कापड घालायचं, टेप लावायची की वेगळी गोटी मिळते? आणि हे करताना नट सैल राहण्याचा धोका आहे का? बायको-मुलांना घेऊन हायवेला जातो, त्यामुळे दुसरा प्रश्न मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो.

शिवडीकर
नट आवळायची वाऱ्यावरची गन लावू द्यायची नाही. बस्स.

खटपट्या
शिवडीकर, मान्य, पण काम तेवढ्यावर भागत नाही. गोटी चुकीची असेल तर हाताने लावूनही क्रोम जातं.

ठाकूरद्वार, तुमच्या नटाचं माप बहुतेक १९ मिमी असेल, बाहेरच्या नटांचं वेगळंही असू शकतं, म्हणून आधी मोजा. मग त्या मापाची सहा कोपऱ्यांची गोटी घ्या. बारा कोपऱ्यांची अजिबात नको. बारा कोपऱ्यांच्या गोटीचा सगळा जोर नटाच्या टोकांवर येतो आणि क्रोम सगळ्यात आधी टोकांवरूनच सुटतं. चांगल्या कंपनीच्या सहा कोपऱ्यांच्या गोटीला आतून किंचित गोलाई असते, त्यामुळे जोर नटाच्या सपाट बाजूंवर पडतो. जुनी, तोंड पसरलेली गोटी नटावर डुगडुगते, ती तर दूरच ठेवा.

त्याहून चांगली सोय म्हणजे खास अलॉयसाठी मिळणारी पातळ गोटी. तिच्यावर बाहेरून नायलॉनची नळी असते, म्हणजे चाकाच्या खळग्याला ओरखडा जात नाही. काहींना आतूनही प्लास्टिकचं अस्तर असतं, ते नटाला वाचवतं. बहुतेकांच्या नळ्यांना मापाप्रमाणे रंग असतात. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत विचारा. घेताना आपला एक नट खिशात घेऊन जा आणि दुकानातच चढवून बघा. हलकेच सरकत बसली पाहिजे आणि फिरवल्यावर खेळ नको.

अस्तरवाली गोटी नाही मिळाली, तर दुधाच्या पिशवीचा चौकोनी तुकडा कापायचा, धुऊन कोरडा करायचा, नटाच्या डोक्यावर ठेवायचा आणि वरून गोटी दाबायची. प्रत्येक नटाला नवा तुकडा. कापडापेक्षा हे बरं, कापड जाड असतं आणि गोटी पूर्ण खोल जात नाही. अर्धवट बसलेली गोटी घसरली की एका झटक्यात तीन कोपरे जातात.

अजून एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बंद डोक्याच्या नटाचा घुमट गोटीच्या तळाशी घासतो आणि तिथे गोल चरा उमटतो. गोटीच्या तळाशी रबराची किंवा नमद्याची चकती चिकटवून टाका.

मीनल_बोरिवली
दुधाच्या पिशवीची युक्ती भारी आहे! आमच्याकडे पिशव्या भंगारवाल्यासाठी साठवतात, आता त्यात माझाही वाटा.

माझ्या स्विफ्टला बाहेरचे अलॉय आहेत. बसवताना काळजी घेतली तरी पुढच्या पंक्चरला काय करायचं? रस्त्याकडेचा पंक्चरवाला त्याचा झिजलेला चार तोंडी पाना घेऊन येतो आणि वर पाय देऊन उभा राहतो.

शिवडीकर
मीनलताई, टायर ट्यूबलेस असेल आणि खिळा मधल्या पट्ट्यात असेल तर चाक न काढताच पंक्चर निघतं. गाडी थोडी पुढे-मागे घेऊन खिळा समोर आणायचा. "चाक काढू नका" हे आधीच सांगायचं. काढावंच लागलं तर आपली गोटी द्यायची. डिकीत गोटी आणि रॅचेट (ती फिरवायचा दांडा) ठेवायला जागा किती लागते?

धातुकाम
अनेक वर्षं गोरेगावला प्लेटिंगच्या कारखान्यात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपण ज्याला क्रोमचा नट म्हणतो त्यावर क्रोमियम जेमतेम असतं. शोभेच्या प्लेटिंगमध्ये क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा, म्हणजे अंदाज येईल. गंजापासून खरं रक्षण त्याच्या खालचं निकेल करतं. ते १० मायक्रॉनपासून ३०-४० पर्यंत असू शकतं. काही ठिकाणी त्याच्याही खाली तांबं असतं. क्रोम वरून निळसर चमक देतं, कठीण असतं आणि निकेलला पिवळं पडू देत नाही.

क्रोम कठीण असतं तसंच ठिसूळही. गोटीचा धक्का बसला की ते दबत नाही, तडकतं. तडा डोळ्याला दिसत नाही, पण पाणी आणि मीठ तिथून आत जातं. मग निकेल खाल्लं जातं, त्यानंतर खालचं पोलाद. तुमच्या शेजाऱ्यांच्या चाकावर उतरलेला तांबूस ओघळ त्या पोलादाचा गंज आहे.

आता गनबद्दल. वाऱ्यावरची गन सतत पिळत नाही, ती आतून हातोडा मारत फिरवते. गोटी आणि नट यांच्यात जेवढी फट असेल तेवढा प्रत्येक ठोका कोपऱ्यावर बसतो. म्हणून शिवडीकरांचं एका ओळीचं उत्तर धातूच्या अंगानेही बरोबर आहे.

घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, नट एकसंध आहे की पोलादाच्या नटावर पातळ स्टीलची टोपी चढवलेली आहे. टोपीवाल्या नटाच्या बुडाशी जोडाची बारीक रेघ दिसते. अशा नटात टोपीखाली पाणी शिरतं, आतलं पोलाद गंजून फुगतं आणि टोपी ताणली जाते. मग १९ ची गोटी चढत नाही, २० ची सैल होते. रात्री रस्त्यात पंक्चर झालं की हा प्रकार कळतो. दुसरी, स्वस्त प्लेटिंग. कडक पोलादाला प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो आणि धातू ठिसूळ होऊ शकतो. तो घालवायला प्लेटिंगनंतर माल भट्टीत तापवावा लागतो. घाईचा माल बनवणारे ही पायरी गाळतात आणि बाहेरून ते ओळखता येत नाही. म्हणून नाव-गाव नसलेल्या पाकिटातले नट मी माझ्या गाडीला लावणार नाही.

तर्कट
इतका उपद्व्याप कशासाठी? मुंबईत समुद्राची हवा, चार महिने पाऊस, रस्त्यावर खड्ड्यांतलं पाणी. इथे क्रोम लावणं म्हणजे गंजाला आमंत्रण. कंपनीचे साधे नट वापरा. फारच हौस असेल तर वरून प्लास्टिकच्या टोप्या लावा, त्या उडाल्या तर दुसऱ्या घ्या.

कोळीवाडा
तर्कटदादा, असं सरसकट नका बोलू. मी वेसाव्याला राहतो, समुद्र घरापासून हाकेवर आहे. माझ्या गाडीचं क्रोम चांगलं आहे, कारण मी त्याची निगा राखतो.

खारं पाणी आणि ब्रेकची काळी धूळ नटावर बसू द्यायची नाही. आठवड्यातून एकदा साध्या शाम्पूच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवायचं आणि नटाच्या खळग्यातलं पाणी पुसून काढायचं. हे पुसणं सगळे विसरतात. खळग्यात पाणी साचतं, वाळतं, मीठ मागे राहतं. महिन्यातून एकदा बोटाने थोडं मेण लावायचं. ब्रेक गरम असताना पाणी मारायचं नाही.

आणि चाक साफ करायचं ॲसिडवालं पाणी अजिबात नको. गाडी धुणारी पोरं बाथरूमच्या फरशीचं ॲसिड पाण्यात घालून चाकं घासतात, चाक मिनिटात पांढरं दिसतं. क्रोमचा काळ आहे तो. त्यांना स्वतः उभं राहून सांगावं लागतं. तारेची घासणीही बंद.

धातुकाम
कोळीवाडा, अगदी बरोबर. फरशीच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असतं आणि क्रोमचा थर तेच सगळ्यात लवकर काढतं. आमच्या कारखान्यात बिघडलेल्या मालावरचं क्रोम उतरवायला आम्ही तेच वापरायचो.

वाशीचा_विनू
सोपा उपाय सांगतो. स्टडला, म्हणजे नट ज्या आट्यांच्या दांड्यावर चढतो त्याला, थोडं ऑइल लावा. नट मऊ फिरतो, जोर कमी लागतो, गोटी घसरत नाही, क्रोम वाचतं.

खटपट्या
विनू, थांबा. हे धोक्याचं आहे.

पाना फिरवताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण नव्वद टक्के घर्षणात जातो, काही आट्यांत आणि काही नटाच्या बुडाशी. उरलेल्या दहा टक्क्यांनी स्टड ताणला जातो आणि त्या ताणाने चाक धरलं जातं. ऑइल लावलं की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. कंपनीने दिलेला टॉर्क, म्हणजे नट पिळायच्या जोराचा आकडा, कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये तर नटबोल्टला ऑइल-ग्रीस लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आट्यांवर गंज असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा, फडक्याने पुसा, तेवढं पुरे. हाताने नट फिरत नसेल तर आटे खराब आहेत किंवा नट दुसऱ्याच आट्याचा आहे.

वाशीचा_विनू
पण जुन्या गाड्यांना आम्ही वर्षानुवर्षं ऑइल लावत आलो, एकही चाक निघालं नाही.

गॅरेज_लालबाग
विनूशेठ, चाक निघत नाही, स्टड तुटतो. आणि तो बहुतेक वेळा लावताना नाही, पुढच्या वेळी काढताना तुटतो. मग गाडीमालक त्या वेळी काम करणाऱ्या पोराला शिव्या देतो. माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, हे नेहमी बघतो.

आमची बाजूही मांडतो. गिऱ्हाईक येतं, शनिवार संध्याकाळ, मागे चार गाड्या. "पटकन लावा" म्हणतं. पटकन म्हणजे गन. तुम्ही आधीच सांगितलंत की क्रोमचे नट आहेत, हाताने लावायचेत, मी थांबतो, तर कुठलाही चांगला कारागीर हाताने लावेल. मधल्या वारी सकाळी या. गोटी स्वतःची आणा, कोणी वाईट वाटून घेत नाही. उलट पोरं खूश होतात, चांगली गोटी हातात घ्यायला मिळते.

काही ठिकाणी पोरगं गनने ठोकून मग टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला वाजणारा पाना) लावून "टक" आवाज काढून दाखवतं. त्या आवाजाला काही अर्थ नाही. नट आधीच मर्यादेपलीकडे गेलेला असतो, रेंच नुसती बोलते. अर्ध्या इंची गन पूर्ण जोरावर ५०० न्यूटन मीटरच्या पुढे सहज जाते.

मीनल_बोरिवली
मग बरोबर आकडा किती?

गॅरेज_लालबाग
ताई, प्रत्येक गाडीचा वेगळा, मॅन्युअलमध्ये असतो. सिटीला १०८ न्यूटन मीटर, म्हणजे ११ किलोग्रॅम मीटर. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३. तुमच्या स्विफ्टचा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्या, मॉडेलप्रमाणे बदललाय.

आता ठाकूरद्वार, तुमच्यासाठी खास. कोणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो. नव्या नटांचं बूड कसं आहे? होंडाच्या मूळ नटाचं बूड गोल असतं, चेंडूच्या आकाराचं. बाहेरच्या बहुतेक अलॉयना ६० अंशाचं उतरतं बूड लागतं. तुमच्या अलॉयच्या भोकात बोट घालून बघा, सरळ उतार आहे की वाटीसारखा खळगा. दोन्ही जुळलं नाही तर नट एका बारीक रेघेवर टेकतो. घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि गाडी चालली की सैल होतो. क्रोमची चमक हा नंतरचा विषय, हे आधी.

आटा सिटीचा १२ मिमीला १.५ चा, म्हणजे स्टडची जाडी १२ मिमी आणि दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी. स्विफ्टचा १२ ला १.२५. बाहेरून सारखेच दिसतात. १.२५ चा नट १.५ च्या स्टडवर एक-दोन फेरे जातोसुद्धा, मग अडतो. हाताने लावत असाल तर तिथेच कळतं. गन लावली तर आटे कापत आत जातो. नट हाताने सुरू करायचा तो एवढ्याचसाठी.

ठाकूरद्वार
गॅरेजवाले, मनापासून आभार. आत्ताच खाली जाऊन बघितलं. अलॉयला सरळ उतार आहे आणि नटांचं बूडही उतरतं आहे, म्हणजे जोडी बरोबर. पण मग स्टेपनीचं काय? ती तर कंपनीची लोखंडी आहे.

गॅरेज_लालबाग
हाच प्रश्न यायला हवा होता. स्टेपनीला कंपनीचे गोल बुडाचेच नट लागतील. जुन्या नटांतले चार पिशवीत बांधून स्टेपनीच्या खळग्यात ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. क्रोमच्या नटावर स्टेपनी चालवायची नाही.

पद्मिनीप्रेमी
विषय थोडा सोडून लिहितो, राहवत नाही. क्रोमचं म्हणाल तर आमच्या लहानपणी चाकावर क्रोमचा कप असायचा आणि नट त्याच्या आत झाकलेले. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी. रविवारी सकाळी टॅक्सीवाले गाडी रस्त्याकडेला लावून ते कप रांगेत मांडून घासायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. त्या कपांवरचं क्रोम इतकी वर्षं मुंबईच्या पावसात टिकलं ते त्या हातांमुळे. तर्कटांना एवढंच सांगायचं होतं.

कोळीवाडा
पद्मिनीप्रेमी, माझा काका टॅक्सी चालवायचा. कप काढायला पाना नाही, स्क्रू-ड्रायव्हरला कापड गुंडाळून वापरायचा.

तर्कट
पद्मिनीप्रेमी, त्या कपांना चाक धरून ठेवायचं नव्हतं, नटांना धरायचं आहे. माझा आक्षेप तिथेच आहे. बुडावरही क्रोम असेल तर ते दाबाखाली सोलवटणार. सोललेला थर निघून गेला की तेवढी पकड सैल होणार. खटपट्या, धातुकाम, याचं उत्तर द्या, मग मी गप्प बसतो.

धातुकाम
तर्कट, आक्षेप योग्य आहे, टाळण्यासारखा नाही. बुडाच्या उतारावर जाड आणि खराब प्लेटिंग असेल तर पहिल्या काही दिवसांत ते दबतं किंवा सुटतं. अलॉयचं ॲल्युमिनियमही पोलादापेक्षा मऊ, तेही थोडं बसतं. त्यामुळे नवे नट आणि नवे अलॉय लावल्यावर ८० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा टॉर्क तपासायचाच. हे ऐच्छिक नाही. चाकं थंड असताना तपासा. पुढे नट काढाल तेव्हा बूड बघा. तिथे पापुद्रे सुटलेले दिसले तर तो नट टाकून द्या, वरून कितीही चमकत असला तरी.

तर्कट
हे पटलं. चमकणारा नट टाकून द्यायची तयारी असेल त्याने खुशाल क्रोम लावावं.

मीनल_बोरिवली
८०-१०० किलोमीटर म्हणजे बोरिवलीहून निघालं तर लोणावळा. चिक्की घ्यायला थांबायचं आणि टॉर्क रेंच काढायची. घरच्यांना थांबायला कारण मिळालं.

खटपट्या
मीनलताई, चिक्की खाऊन होईस्तोवर थांबा आणि चाकाला हात लावून बघा. घाट चढून आल्यावर ब्रेक-चाकं तापलेली असतात. खरं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी उभी असताना केलेलं उत्तम.

ठाकूरद्वारांसाठी लावायचा क्रम एका ठिकाणी लिहून ठेवतो.

आधी हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, चेहरा बघा. मुंबईत तिथे गंजाचे पापुद्रे असतातच, ब्रशने काढा, नाहीतर चाक सपाट बसत नाही. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक मोठं असतं. सिटीच्या हबचं माप ५६.१ मिमी, मधली फट भरणारी रिंग घातलेली आहे ना बघा, नाहीतर चाक मधोमध न बसता स्टीअरिंग थरथरतं.

चाक जॅकवर हवेत असताना चारही नट बोटांनी सुरू करा. गोटी हातात धरून, रॅचेटशिवाय, जाईल तिथपर्यंत फिरवा. फेरे मोजा. १.५ च्या आट्यावर निदान आठ पूर्ण फेरे नट आत गेला पाहिजे, म्हणजे स्टडच्या जाडीइतकी पकड मिळते. बंद डोक्याच्या नटात अजून एक बघायचं, स्टड आत जाऊन घुमटाला टेकत नाही ना. टेकला तर नट घट्ट लागल्याचा भास होतो आणि चाक सैलच राहतं. चाक न चढवता नुसता नट स्टडवर फिरवून कुठे अडतो ते पाहा आणि अलॉयच्या जाडीशी ताडून बघा.

मग समोरासमोरचे नट आळीपाळीने हलके आवळा. गाडी टायर जमिनीला टेकेपर्यंत खाली घ्या. आता टॉर्क रेंच. पहिल्या फेरीत ५०-६० न्यूटन मीटर, दुसऱ्या फेरीत १०८. टक वाजलं की थांबायचं, खात्रीसाठी दोनदा-तीनदा टकटक करायची नाही. गोटी नटावर सरळ, डाव्या हाताने रेंचचं डोकं धरून ठेवायचं, उजव्या हाताने संथ ओढायचं. झटका नाही. क्रोमला जखम होते ती बहुतेक झटक्याने आणि तिरक्या गोटीने. काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर तिची स्प्रिंग बिघडते.

शिवडीकर
टेपबद्दल कोणी बोललंच नाही. धाग्यात सुरुवातीला विचारलंय.

खटपट्या
राहिलंच. गोटीच्या आत कागदी टेपचा एकच पदर चालतो. त्याने टॉर्कच्या आकड्यात फरक पडत नाही, कारण तो घर्षणाचा हिशोब आट्यांत आणि बुडाशी असतो, गोटीत नाही. पण टेप गोळा झाली की गोटी पूर्ण बसत नाही आणि काळ्या इलेक्ट्रिकच्या टेपचा डिंक नटावर राहतो, त्यावर धूळ चिकटते. टेपचा कपटा बुडाखाली गेला तर मात्र चाकाची पकड बिघडेल. म्हणून माझी पसंती अस्तरवाल्या गोटीला, नाहीतर पिशवीला.

सायलीची_आई
आमच्या सोसायटीत पार्किंगमधून एकाची चारही चाकं गेली, गाडी विटांवर. तेव्हापासून नवऱ्याने प्रत्येक चाकाला एक लॉकवाला क्रोमचा नट लावलाय. त्याच्या चावीवरही हेच नियम का?

गॅरेज_लालबाग
ताई, त्याला तर जास्तच जपा. लॉकच्या नटाची नक्षी बारीक असते, तिच्यावर गन लावली तर चावी तुटते किंवा नक्षी चेपते. नेहमी हातानेच. चावी डिकीत ठेवा आणि तिचा नंबर असलेलं कार्ड घरात ठेवा, चावी हरवली तर त्या नंबरावरून दुसरी मागवता येते. सर्व्हिसिंगला गाडी दिली की परत घेताना चावी आहे ना बघा. गाडीतून सगळ्यात जास्त गहाळ होणारी वस्तू तीच.

कोळीवाडा
दसऱ्याचं चाललंय म्हणून एक. पूजेत चाकाखाली लिंबू ठेवतो, त्याचा रस उडतो. हळद-कुंकू ओलं करून चाकालाही लावतो. त्याने लगेच काही होत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या पाण्याने धुऊन घ्या. झेंडूची माळ चाकाच्या नटांत अडकवू नका, तिच्यातली बारीक तार घासते.

ठाकूरद्वार
मंडळी, चाकं चढली. नागदेवीला अस्तरवाली १९ ची गोटी मिळाली, नायलॉनच्या नळीसकट. टॉर्क रेंच मित्राकडून आणली. गॅरेजवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे एका दुकानात मधल्या वारी सकाळी गेलो, आधीच सांगितलं, कारागिराने शांतपणे हाताने लावले. काम झाल्यावर टॉर्चने एकेक नट बघितला, एकाही कोपऱ्याला काही नाही. पनवेलपर्यंत जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासलं. बहुतेक नट जागच्या जागी होते, मागच्या डाव्या चाकाचे दोन थोडे फिरले, मग टक वाजलं. धातुकाम आणि तर्कट, तुमच्या वादामुळे मी हे तपासलं. दोघांचे आभार.

धातुकाम
दोन नट फिरले म्हणजे बैठक बसतेय. अजून तेवढंच अंतर गेल्यावर पुन्हा एकदा बघा. तेव्हा एकही फिरला नाही तर मग नेहमीच्या सर्व्हिसिंगला पाहिलं तरी चालेल. तेच दोन पुन्हा फिरले तर मात्र चाक उतरवून त्या भोकांचा उतार आणि नटाचं बूड दोन्ही नीट तपासून घ्या.

नवा_मुंबईकर
छान धागा. माझी क्रेटा आहे, अलॉय कंपनीचेच, फक्त नट क्रोमचे हवेत. हीच १९ ची गोटी चालेल का?

गॅरेज_लालबाग
नाही, क्रेटाच्या कंपनीच्या नटाला २१ ची लागते. आटा १२ ला १.५. कंपनीचा एक नट काढून दुकानात न्या आणि नवा त्याच्या शेजारी धरून बूड, लांबी आणि आटा तिन्ही जुळवा. टॉर्क तुमच्या मॅन्युअलमधून. काही अडलं तर नटाचा फोटो इथे टाका, बूड दिसेल असा.